पहिली सही झाली म्हणजे लग्न झालं?

आबोली: कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. म्हणे, 'गोव्यात लग्नाआधी एकमेकांना ओळखायची रीतच नव्हती, प्रसाद लावला की सोयरीक पक्की.' अहो, प्रसाद लावणं म्हणजे मूर्तीवर ओल्या पाकळ्या लावून देवाचा कौल मागणं, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, हे खरं. पण कौल घ्यायला थोरली माणसं जातात. पोरांची नजरानजर त्याआधीच जत्रेत, रात्रभराच्या नाटकात झालेली असते.

काजूबोंड: गोडवे पुरे. कौल डावा आला की जमलेलं मोडतं, आणि मुलीला कारणही कळत नाही.

आबोली: उलट कुणाच्या तोंडावर नकार मारावा लागत नाही. देवाने नाही म्हटलं, दोन्ही घरांची अब्रू शाबूत.

रातांबा: प्रसाद राहू द्या, आजचा घोळ सह्यांचा आहे. गोव्यात लग्न नोंदवणाऱ्या उपनिबंधकाकडे पहिली सही केली की पोरं 'झालं लग्न' म्हणत फिरायला मोकळी. ती फक्त इराद्याची नोंद! मग हरकतींसाठी नोटीस लागते, साधारण 15 दिवसांनी साक्षीदारांसह दुसरी सही. ती राहिली तर मंगलाष्टका कितीही म्हणा, कायद्याच्या लेखी लग्न नाही.

काजूबोंड: म्हणजे मधल्या काळात एकाने पाय काढला की दुसऱ्याच्या हाती काय? कागदावर नवराही नाही, बायकोही नाही.

रातांबा: म्हणूनच दुसऱ्या सहीची तारीख ठरवूनच हॉल बुक करा. आणि मालमत्तेचं बोलून घ्या. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून गोव्यात रीत अशी, की वेगळा करार नसेल तर दोघांचं सगळं सामाईक, अर्धं अर्धं. वेगळं हवं तर करारपत्र लग्नाआधीच नोंदवायचं. नंतर बदलत नाही.

आबोली: फिरायला गेल्यावर करारपत्र काढायचं? सोयरीक की भागीदारी, रातांबाबाब?

रातांबा: भागीदारीच, बाय. घर, काजूची बाग, कर्ज, सगळ्यात. किरिस्तांवांकडे, म्हणजे ख्रिश्चनांकडे, लग्नाआधी चर्चमध्ये नावं पुकारतात, कुणाची हरकत असेल तर बोला म्हणून. नोटिशीमागचा हेतूही तोच. तेवढं उघड्यावर आणायला लाज कसली?

काजूबोंड: बरं, सह्यांचं पटलं. कौलाचं अजिबात नाही.

आबोली: धागा कौलाचाच होता, एवढं फक्त आठवण म्हणून सांगते.