मदत हवी आहे: गोळी राहिली, बाळ अंगावर पितं

मिनी_माऊ: परवा रात्रीची गोळी राहिली, आत्ता स्ट्रिप हातात घेतली तेव्हा कळलं. दोन एकदम घेऊ का? दूध काढून टाकावं लागेल का? प्लीज लवकर सांगा.

रात्रपाळी_फार्मसिस्ट: कुठली गोळी? स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरांत घटक असतो, तो वाचा. कालची घेतली का? बाळ किती महिन्यांचं?

मिनी_माऊ: अहो साधीच, दिवस जाऊ नयेत म्हणून. २८ आहेत, सगळ्या पांढऱ्या. कालची घेतली १० ला.

कडूनिंब: पाजतेस तोवर दिवस जातच नाहीत. बंद कर सगळं.

सुईदोरा: @कडूनिंब, अर्धवट नका सांगू. पाळी सुरू झालेली नको, बाळ ६ महिन्यांच्या आतलं हवं आणि फक्त अंगावरच पिणारं हवं. दोन पाजण्यांत दिवसा ४, रात्री ६ तासांपेक्षा जास्त खंड नको. एक अट तुटली की भरवसा संपला.

मिनी_माऊ: ५ महिन्यांचं. रात्री एक बाटली वरचं दूध. मागे डेसोजेस्ट्रेल ७५ मायक्रोग्रॅम लिहिलंय.

सुईदोरा: बाटली आली, अट तुटली.

रात्रपाळी_फार्मसिस्ट: हे आधी सांगायचं ना! यात इस्ट्रोजेन नाही, त्यामुळे दूध आटायची भीती नाही. दुधातून उतरतं ते बाळाच्या किलोमागे दिवसाला ०.०१ ते ०.०५ मायक्रोग्रॅम. दूध टाकू नका.
या गोळीला १२ तासांची सवलत असते (नॉरएथिस्टेरॉनच्या जुन्या गोळीला ३ तासच). म्हणजे काल सकाळी १० नंतर ती 'चुकली'. राहिलेली आत्ता घ्या, आजची १० लाच. एका दिवसात दोन झाल्या तरी चालतं. काल रात्रीपासून ४८ तास कंडोम.

वाचनवेडी: पत्रकात ७ दिवस आहेत!

रात्रपाळी_फार्मसिस्ट: ४८ तासांत गर्भाशयाच्या तोंडाशी स्राव पुन्हा घट्ट होतो, त्यावरून तो नियम. पत्रक बीजकोषातून बीज सुटणं पुन्हा थांबायचा विचार करून ७ म्हणतं. ७ पाळा, बिघडत काही नाही.

दगडी_पायरी: तांबी बसवा, १० वर्षं कटकट नाही.

सुईदोरा: तांबीचं विचारलंय कुणी? आणि अंगावर पाजत असताना बसवली तर गर्भाशयाला छिद्र पडायची शक्यता थोडी वाढते. दुर्मीळ आहे, पण बसवणाऱ्या डॉक्टरांना पाजतेय हे सांगावं लागतं.

मिनी_माऊ: काल रात्री कंडोम नव्हता.

रात्रपाळी_फार्मसिस्ट: हेच पहिल्या ओळीत हवं होतं. आता तातडीची गर्भनिरोधक गोळी लागेल: लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची एकच, संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. ३ तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यायची. रोजची गोळी चालूच. युलिप्रिस्टल (दुसरी तातडीची गोळी) नको, रोजच्या गोळीमुळे त्याचा असर कमी होतो. फिट्स किंवा टीबीची औषधं चालू असतील तर दुकानात जायच्या आधी डॉक्टरांना फोन करा. तीन आठवड्यांनी लघवीची टेस्ट.

मिनी_माऊ: ती घेतल्यावर लगेच पाजू?

रात्रपाळी_फार्मसिस्ट: पाजू शकता. काही पत्रकांत ८ तास थांबा असं असतं. धाकधूक वाटली तर पाजून झाल्या झाल्या घ्या.