दुर्बिणीची शस्त्रक्रिया: टायडल व्हॉल्यूम वाढवण्यापूर्वी

पोटात गॅस भरल्यावर उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड वाढला, की टायडल व्हॉल्यूम (व्हेंटिलेटर दर श्वासाला आत देतो ती हवा) वाढवावा, अशी सूचना केली जाते; ती मला पटत नाही. साधारण १२ ते १५ मिमी पारा दाबाने पोट फुगवले, की श्वासपटल वर सरकते आणि फुप्फुसाचा तळ मिटतो. गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेसाठी डोक्याची बाजू खाली केली असेल, तर उघड्या राहिलेल्या भागावरच जास्तीच्या हवेचा ताण पडतो. म्हणून आधी श्वासगती वाढवावी, मात्र दम्याच्या रुग्णात उच्छ्वास पूर्ण होतो ना, हे पाहावे.

समजा, पित्ताशयासाठी परभणी किंवा बीडच्या रुग्णालयात आलेल्या बाईंची उंची १५० सेंमी आणि वजन ७५ किलो आहे. उंचीवरून काढलेले त्यांचे अपेक्षित वजन जेमतेम ४३ किलो भरते आणि किलोमागे ७ मिलीने सुमारे ३०० मिली टायडल व्हॉल्यूम पुरतो. काट्यावरच्या वजनाने तोच आकडा ५२५ होतो, आणि घोटाळा बहुतेक इथेच होतो.

पीपचा (उच्छ्वासाच्या शेवटी फुप्फुसात राखलेल्या दाबाचा) ठरावीक मोठा आकडा सर्वांना लावण्यातही अर्थ नाही, कारण स्थूल रुग्णांवरील २०१९ च्या प्रोबीस अभ्यासात ४ ऐवजी १२ सेंमी पाणी पीप ठेवूनही फुप्फुसाच्या गुंतागुंती कमी झाल्या नाहीत. मी ५ पासून सुरुवात करून प्लॅटो प्रेशर (श्वास आत भरून क्षणभर थांबल्यावरचा दाब) वजा पीप हा फरक पाहतो. गॅस भरल्यावर तो थोडा वाढतोच. फारच वाढला, तर यंत्राशी झटण्याआधी सर्जनना गॅसचा दाब उतरवायला सांगावे.