हिमोफिलिया असताना पायाची बायपास, करावी का?

कराडचा_पुतण्या:
माझे काका, वय ६१, वजन ६० किलो, हिमोफिलिया ए, म्हणजे रक्त गोठवणारं प्रोटीन, फॅक्टर आठ, जन्मापासून कमी; ह्यांचं फक्त ३ टक्के. डाव्या अंगठ्याची जखम दोन महिने भरेना म्हणून डॉपलर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) केला तर मांडीतली धमनी ब्लॉक निघाली, सर्जन म्हणतात बायपास लागेल आणि ऑपरेशनमध्ये हेपारिन देणार. अहो, ज्याचं रक्त थांबतच नाही त्याला वरून रक्त पातळ करायचं औषध? आणि मुळात ह्यांना ब्लॉक झालाच कसा? आजी तर म्हणतेय हातच लावू नका.

बोरिवलीची_आई:
माझ्या मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन झालंय, त्यावरून सांगते. आधी इनहिबिटर टेस्ट करा, म्हणजे दिलेल्या फॅक्टरला निकामी करणाऱ्या अँटिबॉडी रक्तात आहेत का ते कळतं; ती पॉझिटिव्ह आली तर नेहमीचं फॅक्टर चालेलच असं नाही. आणि सगळ्या दिवसांचा फॅक्टरचा साठा हातात आल्याशिवाय तारीख घेऊ नका. दंडात, कमरेत इंजेक्शन घेऊ देऊ नका, ब्रुफेन नको. टाके काढतानाही फॅक्टर लागू शकतं, हे कोणी आपणहून सांगत नाही.

नाईट_ड्युटी:
ब्लॉक होतो तो चरबी साचून, तंबाखू-शुगर-बीपीने, त्यापासून हिमोफिलिया वाचवत नाही. आता हेपारिनचं. एका किलोला १ युनिट दिलं की फॅक्टर आठ साधारण २ टक्के चढतं, म्हणजे काकांना शंभराच्या आसपास न्यायला ३००० युनिट. तेवढं चढवलं की त्या वेळेपुरतं त्यांचं रक्त तुमच्याआमच्यासारखंच गोठतं, आणि धमनीला क्लॅम्प (चिमटा) लावून रक्त थांबवलं की गुठळी व्हायची भीतीही तशीच, म्हणून हेपारिन. पण हे चढवलेलं फॅक्टर ८ ते १२ तासांत निम्मं होतं, त्यामुळे परत परत डोस, रोज लेव्हल, आणि हे १०-१४ दिवस. लेव्हल करणारी लॅब जवळ नसेल तर तिथे ऑपरेशन नकोच.

खरी गोची नंतरची आहे. ग्राफ्ट, म्हणजे बायपासची नवी नळी, चालू राहावा म्हणून ॲस्पिरिन देतात, आणि फॅक्टर बंद झालं की काका परत ३ टक्क्यांवर, म्हणजे ॲस्पिरिन चालू असेपर्यंत फॅक्टर नियमित द्यायचं का, हे हेमॅटॉलॉजिस्ट आणि सर्जनने एकत्र बसून आधीच ठरवायला हवं. फुग्याने, म्हणजे अँजिओप्लास्टीने भागतंय का तेही विचारा, चिरा नाही पण ॲस्पिरिनसारख्या गोळ्या त्यातही चुकत नाहीत. आणि काका एमिसिझुमॅबवर (हिमोफिलियाचं, फॅक्टर आठचं काम करणारं इंजेक्शन) असतील तर ते आधी सांगा, त्यात एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती टेस्ट, खोटी नॉर्मल येते.

कराडचा_पुतण्या:
एमिसिझुमॅब नाही. पण तंबाखू आहे, चाळीस वर्षं. तुमचा मेसेज वाचून दाखवला तर म्हणाले डॉक्टरला काय कळतंय, आणि बाहेर जाऊन मळत बसले. सोमवारी हेमॅटॉलॉजिस्टकडे नेतोय, इनहिबिटरचं आधी विचारतो.