‘गोबनित’ या आयरिश नावाचा अर्थ : लोहारीण की मधमाशी?

धागाकर्ता :
आयर्लंडमध्ये आता क्वचितच ठेवल्या जाणाऱ्या ‘गोबनित’ या मुलींच्या नावाचा अर्थ कुठे ‘मधमाशी’, तर कुठे ‘पित्याचा आनंद’ असा सांगितला जातो. माझ्या मते हे दोन्ही अर्थ उसने आहेत. जुन्या आयरिशमध्ये लोहाराला जो शब्द आहे, त्याला लघुत्व दाखवणारा स्त्रीलिंगी प्रत्यय लागून हे नाव बनले. ‘गोबान’ हे त्याचे पुल्लिंगी भावंड. इंग्रजीत लिहिताना गोबनितचे कधी अ‍ॅबिगेल झाले, कधी डेबोरा, आणि त्या हिब्रू नावांचे अर्थ तिच्या गळ्यात पडले.

प्रतिसाद १ :
व्युत्पत्ती मान्य, ‘उसने’ हा शब्द अमान्य. अ‍ॅबिगेलचे सोडून द्या, तिथे फार तर उच्चाराचा ओझरता भास आहे. पण डेबोरा म्हणजे मधमाशी, आणि संत गोबनित ही तर मधमाश्यांचीच पाठीराखी! कॉर्क परगण्यातल्या बॅलिव्हर्नी गावी गुरे पळवणाऱ्यांवर तिने मधमाश्या सोडल्याची कथा आहे, आणि कॉर्क शहरातल्या होनन चॅपेलमध्ये हॅरी क्लार्क यांनी घडवलेल्या काचचित्रातही त्या माश्या आहेतच. ज्या समाजाने सातव्या शतकात केवळ मधमाश्यांच्या मालकीवर आणि त्यांनी केलेल्या दंशाच्या भरपाईवर स्वतंत्र कायदा लिहिला, त्याने डेबोरा हे नाव डोळे मिटून उचलले असेल, हे पटत नाही.

धागाकर्ता :
तो संतचरित्राचा अर्थ झाला, नावाचा नव्हे. शिवाय बॅलिव्हर्नीत ‘गोबनितचे घर’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या गोल दगडी वास्तूचे १९५१ मध्ये उत्खनन झाले, तेव्हा तिथे लोहारकामाचे भरपूर अवशेष निघाले. याहून बोलका पुरावा कोणता हवा?

प्रतिसाद २ :
हा पुरावा तुमच्याच अंगावर येऊ शकतो. आयरिश पुराणकथांत गोइब्न्यू नावाचा लोहारदेव आहे. लोहारांच्या त्या वस्तीत त्याच शब्दमुळापासून बनलेले नाव आधीपासून वावरत असेल आणि संतकथा मागाहून त्याला चिकटली असेल, तर ‘लहानगी लोहारीण’ हे कोणा मुलीचे नाव होते, हेच आधी सिद्ध करावे लागेल.

प्रतिसाद १ :
इतके ताणू नका. ११ फेब्रुवारीला, तिच्या सणाच्या दिवशी, बॅलिव्हर्नीत तिच्या मध्ययुगीन लाकडी मूर्तीला लांबीने आणि वेढ्याने फीत लावून मापून घेतात आणि ती फीत दुखण्याखुपण्यासाठी घरी जपून ठेवतात. त्या रांगेत ज्या गोबनितच्या नावाने फीत मापली जाते, ती माश्यांचीच.