दृढीकरणाच्या मुलाखतीत खरा विश्वास आणि पाठ केलेली कबुली वेगळी कशी ओळखायची?

नवा_पंच

प्रभूमध्ये सलाम. दृढीकरणाच्या, म्हणजे लहानपणी बाप्तिस्मा झालेल्यांनी स्वतः विश्वासाची कबुली देण्याच्या, वर्गातली मुलं लवकरच पंचांसमोर (मंडळीच्या कारभाऱ्यांसमोर) येणार आहेत. विश्वासांगीकार, दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना सगळ्यांना तोंडपाठ. "येशू तुझा कोण?" विचारलं की "माझा वैयक्तिक तारणारा" हे उत्तर सगळ्यांकडून एकाच चालीत येतं. कोणाला खरंच प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) घ्यायचंय, कोणाला पुढे लग्नासाठी दाखला लागणार म्हणून घाई आहे, कोणाला घरच्यांनी पाठवलंय. बाहेरून तिघंही सारखेच दिसतात.

मुलाखत पंधरा मिनिटांची. तेवढ्यात काय विचारायचं? की असं चाचपून पाहणंच चूक? मत्तयाच्या सातव्या अध्यायात पहिल्याच वचनात दोष काढू नका म्हटलंय आणि सोळाव्यात फळांवरून ओळखा म्हटलंय. दोन्ही कसं पाळायचं?

जुनी_वही

आधी दोन प्रश्न वेगळे करा. "याचं तारण झालंय का?" हा प्रश्न पंचांचा नाही, तो देवाचा. "याची कबुली विश्वास ठेवण्याजोगी आहे का, याला प्रभुभोजनाच्या मेजाजवळ घ्यावं का?" एवढाच तुमचा. पहिल्याचं उत्तर द्यायला गेलात की ७:१ मोडतं. दुसरा टाळलात की ७:१६ मोडतं.

पंधरा मिनिटांत कळतं ते पाठांतर. विश्वास कळायला कालावधी लागतो आणि साक्षीदार लागतात. पहिल्या मंडळ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. तिसऱ्या शतकातल्या हिप्पोलितच्या नावावर असलेल्या जुन्या मंडळी-नियमांत बाप्तिस्म्याआधी तीन वर्षं शिकवणीची सांगितली आहेत, पण कोणी मन लावून शिकत असेल तर काळ न मोजता वर्तन पाहावं असंही लगेच म्हटलंय. शेवटी विचारायचे प्रश्न तर वाचण्यासारखे आहेत: याने विधवांचा मान राखला का, आजाऱ्यांना भेटला का, सत्कर्मं केली का. आणि याची ग्वाही ज्यांनी त्याला आणलं त्यांनी द्यायची. उमेदवाराच्या जिभेवर काही सोडलेलंच नाही.

आजच्या मंडळीत हे असं बसवता येईल. एका मुलाखतीऐवजी तीन भेटी, मध्ये किमान महिनाभर. पहिल्या भेटीत शिकवण तपासा, ती पंधरा मिनिटांत होते. दुसरी भेट त्याच्या घरी, तो जिथे वावरतो तिथे. तिसरीआधी दोन माणसांशी बोला: एक घरातलं, एक चर्चबाहेरचं, म्हणजे शिक्षक, मालक, शेजारी, कोणीही. बाहेरचा माणूस ख्रिस्ती नसला तर उत्तमच. तो आपली भाषा बोलत नाही, त्यामुळे "खूप आध्यात्मिक मुलगा आहे" असलं काही सांगणार नाही. "उसने घेतलेले परत करतो" किंवा "करत नाही", एवढंच सांगेल, आणि तेच हवंय. हे सगळं उमेदवाराला आधी सांगून करा. पाठीमागे चौकशी केली की ती चहाडी होते.

ग्रंथकीडा

कशावरून ओळखायचं नाही, हे आधी सांगायला हवं. फसगत तिथेच जास्त होते.

जोनाथन एडवर्ड्स हा मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टनचा पाळक. १७३४–३५ आणि पुन्हा १७४०च्या सुमाराला तिथे मोठी धार्मिक जागृती आली आणि ओसरलीही. रडलेले, थरथरलेले, रात्र रात्र प्रार्थना केलेले कित्येक जण पुढे जसे होते तसेच झाले. १७४६मध्ये त्याने यावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात एका भागात बारा गोष्टी अशा दिल्या आहेत ज्यांवरून खरं-खोटं काहीच ठरत नाही: भावना तीव्र असणं, अंगावर परिणाम दिसणं, धर्माविषयी भरभरून बोलणं, वचनं आपोआप मनात येणं, उपासनेत खूप वेळ घालवणं, तोंडभर स्तुती करणं, स्वतःच्या तारणाची खात्री वाटणं, आणि ज्याची साक्ष ऐकून भक्त माणसंही गहिवरावीत असं बोलता येणं. यातलं काहीही खऱ्या माणसात असू शकतं आणि खोट्यातही. म्हणून ते मोजायचंच नाही.

आपल्याकडे पंच नेमकं हेच मोजतात. कोण लांब प्रार्थना करतो, कोण साक्षीत रडतं, उपवास-प्रार्थनेला कोण येतं. हल्लीच्या साक्षीचा तर साचाच ठरून गेलाय: आधी किती वाईट होतो, मग कोणती सभा, मग कोणती तारीख. ज्याला तारीख सांगता येत नाही त्याला संशयाने बघतात. ख्रिस्ती घरात वाढलेल्या मुलाला तारीख कुठून येणार? तीमथ्याला आजीकडून आणि आईकडून विश्वास मिळाला, तारखेचा उल्लेखही नाही (२ तीमथ्य १:५).

खऱ्या खुणाही एडवर्ड्सने बाराच दिल्या, पण सगळ्यात जास्त भर शेवटच्या खुणेवर: दीर्घकाळ टिकणारं आचरण. दुसरी एक मला फार कामाची वाटते, प्रमाणबद्धता. खोट्या भक्तीला एक अंग सुजलेलं असतं आणि दुसरं वाळलेलं. परदेशी मिशनसाठी देणगी आणि कामवालीचा पगार थकलेला. आराधनेत डोळ्यांत पाणी आणि सुनेशी बोलताना दगड. एकेक गुण पाहून फसाल, दोन शेजारी ठेवून पाहा.

आणि याची किंमतही माहीत असू द्या. त्याच्या आजोबांच्या, सॉलोमन स्टॉडर्डच्या काळापासून तिथे मन पालटल्याची कबुली नसली तरी प्रभुभोजन मिळत असे. एडवर्ड्सने ते बदलायला घेतलं आणि १७५०मध्ये मंडळीने त्यालाच काढून टाकलं. तो मागत होता तरी काय, साध्या शब्दांतली काही वाक्यांची मनापासून कबुली.

वसईचा_वाचक

आमच्याकडे, म्हणजे कॅथलिक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये), शब्द वेगळे पण अडचण तीच. दृढीकरणाचा सूट शिवून तयार, पोराचं लक्ष जेवणावळीकडे.

एक फरक मात्र सांगतो. ज्याच्यात प्रेम उरलं नाही त्याचा विश्वास आम्ही "खोटा" म्हणत नाही. १५४७मध्ये आमच्या चर्चच्या ट्रेंट परिषदेने ठरवलं की असा विश्वास जिवंत नसला तरी विश्वास आहेच. म्हणून उपाय काढून टाकण्याचा नसतो, जिवंत करण्याचा असतो, आणि त्याची जागा पापकबुलीची. पायऱ्या लहानपणी शिकवतात त्याच: विवेकपरीक्षण, पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निश्चय, कबुली, प्रायश्चित्त.

तपासायचं असेल तर तिसरी पायरी, म्हणजे निश्चय, बघा, कारण पश्चात्ताप दोन जातींचा: नरकाच्या किंवा लाजेच्या भीतीने झालेला, आणि देवाला दुखावलं म्हणून झालेला. पहिलाही फुकट जात नाही, पण तो पकडलं जाण्यापाशी थांबतो. शिवाय चोरलेलं परत केल्याशिवाय माफी पुरी होत नाही, हे फादर स्पष्ट सांगतात. जकातदार जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवलेल्यांना चौपट देऊ केलं, तेव्हाच येशूने "आज या घराला तारण" म्हटलं (लूक १९). आकडा आधी, घोषणा मागून.

नवा_पंच

सगळ्यांचे आभार. पण चौदा वर्षांच्या पोराने परत काय करायचं? त्याने कोणाची जमीन बळकावलेली नाही. आणि दुसरी अडचण अशी की एक मुलगी अभ्यासात सगळ्यांच्या पुढे आहे आणि म्हणते, "मला आतून काहीच वाटत नाही, मी लायक नाही." तिला थांबवायचं का?

जुनी_वही

पोरासाठी लूक ३:१०–१४ उघडा. लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? तो सगळ्यांना एक उत्तर देत नाही. दोन अंगरखे असणाऱ्याला एक देऊन टाक म्हणतो, जकातदाराला ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नको, शिपायाला खंडणी उकळू नको, पगारात भागव. ज्याचा जो धंदा, तिथलं जे नेहमीचं पाप, तिथेच बोट.

विद्यार्थ्याचा धंदा शाळा. म्हणून "तू पापी आहेस का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा: परीक्षेत कॉपी केलीस का, आणि कळल्यावर काय केलंस? वर्गात ज्याची टर उडवतात त्याच्याशी तू कसा वागतोस? मोबाइलमधलं काय आईसमोर उघडता येणार नाही? मागच्या महिन्यात कोणाची माफी मागितलीस, आणि कशाबद्दल? शेवटच्या प्रश्नावर पाठ केलेलं उत्तर चालत नाही. ज्याला एकही नाव आठवत नाही त्याच्याशी तिथूनच बोलायला लागा.

मोठ्यांसाठी: दुकानदाराला वजनकाट्याचं विचारा, ठेकेदाराला मजुरांच्या शनिवारच्या पगाराचं. आणि आपल्या मंडळ्यांत सगळ्यांनी टाळलेला प्रश्न: स्थळ बघताना "मूळचे कोण?" विचारता का? एका भाकरीत वाटेकरी आणि सोयरिकीत जात, ही प्रमाणबद्धता नाही.

उत्तर चुकलं तरी घाबरू नका. पाप केलंय की नाही यावरून खरं-खोटं ठरत नाही, १ योहान १:८ तेच सांगतं. पाप दाखवल्यावर माणूस काय करतो ते पाहा. खरा माणूस ओशाळतो, मग सरळ होतो. नुसत्या नावाचा माणूस समजावून सांगू लागतो, दुसऱ्याचं नाव घेतो किंवा चिडतो.

केडगाव_रोड

त्या मुलीविषयी. तिला थांबवू नका, आणि "वाटेल हळूहळू" म्हणून उडवूही नका.

वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकाराचा (प्रेस्बिटेरियन मंडळ्यांच्या सतराव्या शतकातल्या श्रद्धापत्राचा) अठरावा अध्याय नेमका यावर आहे. तारणाची खात्री म्हणजे विश्वासच नव्हे. खऱ्या विश्वासणाऱ्यालाही ती मिळायला पुष्कळ वाट पाहावी लागू शकते, मिळाली तरी डळमळू शकते. उलट नुसत्या नावाच्या माणसाला स्वतःबद्दल शंका क्वचितच येते. "मी लायक नाही" हे वाक्य कुठे नेतं ते पाहा. ते तिला प्रार्थनेकडे नेत असेल तर मेज तिच्यासाठीच आहे. ते तिला दूर नेत असेल तर तिच्याबरोबर बसा, वर्ग संपला म्हणून सोडू नका.

पंडिता रमाबाईंची गोष्ट तिला सांगा. १८८३ला इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा. शिकवण माहीत, संस्कृतचं पांडित्य, मुंबईत १८८९ला शारदा सदन सुरू, विधवांसाठी जीव तोडून काम. असं असूनही त्यांनी पुढे स्वतःच लिहिलं की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. ते १८९१च्या सुमाराला उमगलं. त्याआधी त्यांनी विल्यम हॅस्लम या कॉर्नवॉलच्या पाळकाचं आत्मकथन वाचलं होतं. त्याचं तर स्वतःच्या चर्चमध्ये, स्वतःच उपदेश करताना मन पालटलं. म्हणजे व्यासपीठावरचा माणूसही नुसत्या नावाचा असू शकतो. रमाबाईंची आधीची वर्षं मला मात्र ढोंगाची म्हणवत नाहीत. त्या शोधत होत्या.

रांजणगावचा_पाहुणा

एक वेगळाच गट विसरलात. आतून विश्वास आहे आणि बाहेर कबुली नाही. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला, १९५६ला शीख आणि १९९०ला बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. म्हणून कित्येक घरं कागदावर हिंदू आणि रविवारी चर्चमध्ये. त्यांना काय म्हणायचं? ढोंगी?

जुनी_वही

तो शब्द इतक्या सहज वापरू नका. अरिमथाईचा योसेफही भीतीने गुप्त शिष्य होता (योहान १९:३८) आणि बाकीचे शिष्य पळाल्यावर येशूचा देह मागायला तोच पुढे गेला. मी कागद पाहून ठरवणार नाही. विचारेन इतकंच: हे लपवण्याची तुला टोचणी आहे का, आणि घरात मुलांना काय सांगतोस?

"पोटासाठी ख्रिस्ती झाले" हा टोमणाही याच जातीचा. भाकरीसाठी मागे आलेल्यांना येशूने तोंडावर तसं सांगितलं (योहान ६:२६), पण आधी जेवू घातलं होतं. पहिल्या पिढीचा हेतू मिश्र असतोच. व्यवहारी तपासणी पुढे लागते: बारा प्रेषितांच्या शिकवणीच्या जुन्या पुस्तिकेत लिहिलंय की येऊन राहणाऱ्याने हाताला काम असेल तर काम करून खावं, नाहीतर तो ख्रिस्ताचा धंदा करणारा. आणि पाहुणा प्रचारक तिसऱ्या दिवशीही मुक्काम हलवत नसेल किंवा पैसे मागत असेल तर तो खोटा संदेष्टा! हा नियम आज लावला तर सभांचे अर्धे बॅनर उतरतील.

नवा_पंच

शेवटचं. एखाद्याला थांबवायचं ठरलं तर सांगायचं कसं? घरचे भांडायला येतात.

ग्रंथकीडा

निदणाच्या (गव्हात उगवलेल्या तणाच्या) दाखल्यात धनी चाकरांना ते उपटू देत नाही, कारण त्याबरोबर गहूही उपटला जाईल (मत्तय १३:२९). म्हणून "तुझा विश्वास खोटा" हे वाक्य कोणाच्याही तोंडून निघता कामा नये. "अजून नाही" एवढंच म्हणा आणि तीन गोष्टी लिहून द्या: कशासाठी थांबवलं, तोवर काय करायचं, पुन्हा कधी भेटायचं. तारीख नक्की हवी. मोघम "नंतर बघू" म्हटलं की मूल निघून जातं.

मधल्या काळात त्याला एकटं ठेवू नका. मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्लीने १७४२मध्ये ब्रिस्टलला बारा-बारा जणांचे गट केले, एकेक पुढारी दर आठवड्याला प्रत्येकाला भेटून जिवाची विचारपूस करी. आत यायला अट एकच, येणाऱ्या क्रोधापासून वाचायची इच्छा. आत राहायला मात्र वागणूक लागे, आणि सदस्यत्वाचं तिकीट दर तीन महिन्यांनी नवं.

पेरणाऱ्याच्या दाखल्यातलं खडकाळ जमिनीवरचं रोप सगळ्यांत आधी उगवतं आणि पहिल्या संकटात करपतं. ते वर्षभरात कळेल. काटेरी झुडपांत अडकलेलं नोकरी, कर्ज, घर यांत हळूहळू घुसमटतं. त्याला दहा वर्षं लागतात आणि ते एकाही मुलाखतीत दिसणार नाही. म्हणून दृढीकरण झालेल्यांची यादीही वर्षातून एकदा काढा, फक्त नव्यांची नको.

जुनी_वही

आणि लग्नाच्या दाखल्याचं कलम प्रभुभोजनापासून वेगळं करून घ्या. मंडळीच्या घटनेत तसं करता येतं का, ते पाळकसाहेबांना आधी विचारा. निम्मी गर्दी तिथेच कमी होईल आणि उरलेल्यांशी बोलायला तुम्हाला वेळ मिळेल.