मदत हवी आहे: वेचणीच्या प्रसंगात अलंकार जास्त झालेत का?

कथेतला प्रसंग एवढाच: दिवाळीनंतरची वेचणी, माय ओटीत कापूस भरतेय, बोंडाच्या वाळल्या टोकांनी तिची बोटं ओरबाडलीत. आधी लिहिलं, 'वावर जणू चांदण्यांनी भरलं होतं.' उत्प्रेक्षा म्हणून ठीक, पण वेचणाऱ्या बाईला चांदण्या सुचतील कशाला? ती ओळ खोडली. मग रूपक केलं: 'बोंडं म्हणजे उघडलेल्या मुठी.' त्यापुढे पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, चेतनगुणोक्ती: 'पऱ्हाटी पदर धरून बसली.' ही मला आवडते, कारण लुगडं खरंच अडकतं.

पण दोन्ही लागोपाठ आले की मोठ्यानं वाचताना शाळेतलं अलंकाराचं पान वाटतं. दोन्ही काढून पाहिले, तर प्रसंग कोरडा ठणठणीत.

निवेदन प्रमाण मराठीत आहे, संवाद वऱ्हाडीत. मर्यादा १,५०० शब्द, म्हणून प्रसंग वाढवता येत नाही. 'कापसासारखा पांढरा' कृपया सुचवू नका.

एक वाट दिसते: पदराची ओळ निवेदनातून काढून मायच्याच तोंडी उपमा म्हणून द्यायची, 'सोडतच नाई मले, सासूवानी!' मग मुठीचं रूपक ठेवू की तेही जाऊ देऊ? आणि विदर्भाबाहेरच्या वाचकाला 'वानी' म्हणजे 'सारखी' हे न सांगता कळेल का?