शिलाई कारखान्यातल्या साठ जणांना आगीचं प्रशिक्षण द्यायचंय. कुणाकडून घ्यावं, कसं घ्यावं?

शिलाईघर_सोलापूर

नमस्कार मंडळी. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात मी सुपरवायझर आहे. खाली कटिंग आणि कापडाचं गोदाम, वर शिलाई, इस्त्री, पॅकिंग. माणसं साठच्या आसपास, त्यांतल्या पंचेचाळीस तरी बायका.

मे २०२५ मध्ये इथल्याच अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला पहाटे आग लागून आठ जीव गेले. मालक गेले, त्यांच्या घरची माणसं गेली, कामगार गेले. आमच्याकडच्या कितीतरी जणी त्याच भागातून कामाला येतात. त्या आठवड्यात मशीनवर बसल्या बसल्या दुसरं बोलणंच नव्हतं.

आमच्याकडे प्रशिक्षण झालेलं आहे, कागदावर. एजन्सीचा माणूस आला, हिंदीत पाऊण तास स्लाइड दाखवल्या, स्वतः एकदा आग विझवायचा सिलिंडर मारून दाखवला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि प्रमाणपत्र देऊन गेला. त्यानंतर दोनच महिन्यांनी इस्त्रीच्या टेबलाची वायर तडतडली आणि शेजारचा कॉलरचा गठ्ठा पेटला. एका मुलीने लाल सिलिंडर उचलला, जीव खाऊन दाबला, पण पिन काढलेलीच नव्हती. दुसरी पाण्याची बादली घेऊन प्लगकडेच धावली. कटिंगच्या पोराने मेन स्विच पाडला म्हणून निभावलं. मागचं शटर कुलूपबंद होतं, किल्ली माझ्या पर्समध्ये आणि मी बँकेत. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

आता मला खरं प्रशिक्षण हवंय. खाजगी एजन्सी बरी की अग्निशमन दल? निम्म्या बायकांना तेलुगूच नीट कळतं, त्यांचं काय करायचं? मालक म्हणतात अर्ध्या दिवसाचं उत्पादन जाईल, तर किती वेळ मागू? ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

भोसरीचा_फिटर

ताई, आम्ही एमआयडीसीच्या फायर स्टेशनला लेटरहेडवर अर्ज देऊन प्रात्यक्षिक करून घेतलं. एमआयडीसीचं स्वतःचं अग्निशमन दल आहे. तुम्ही महापालिका हद्दीत असाल तर महापालिकेच्या दलाकडे जा. फक्त १४ ते २० एप्रिलचा आठवडा मागू नका. तो अग्निशमन सेवा सप्ताह असतो, सगळ्या कंपन्या त्याच आठवड्यात बोलावतात आणि तुमच्या वाट्याला वीस मिनिटं येतात. जून-जुलैत गेलात तर निवांत वेळ देतात.

लीडिंग_फायरमन_निवृत्त

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. त्या मुलीचं काहीच चुकलेलं नाही. जी वस्तू आयुष्यात कधी हातात घेतली नाही ती आगीसमोर पहिल्यांदा हातात आली तर कुणाचंही तेच होतं. आमचे नवे जवानसुद्धा पहिल्या आगीत गोंधळतात, आणि त्यांचं तर पोटच त्यावर असतं.

म्हणून एजन्सी की दल हा प्रश्न दुसरा. पहिली अट ही घाला की साठच्या साठ जणांच्या हातून पिन निघाली पाहिजे. एकाने करायचं आणि बाकीच्यांनी बघायचं, हे प्रशिक्षण नव्हे. सिलिंडर कुठून आणायचे म्हणाल, तर तुमचे वर्षाच्या रिफिलला जाणारे सिलिंडर सरावात वापरा, नाहीतरी ते रिकामे करूनच भरायचे असतात. मात्र सगळे एकदम काढू नका. निम्मे भिंतीवर राहू द्या, ते भरून आले की उरलेले. आग पेटवण्याचं काम प्रशिक्षकाचंच, त्याने आणलेल्या ट्रेमध्ये, उघड्या आवारात. स्वतः डिझेल-पेट्रोल ओतून काही करू नका.

सिलिंडर शिकवताना आमच्या भाषेत सांगतो तसं सांगा. पिन ओढा. नळी ज्वाळेवर नाही, बुंध्यावर रोखा. दाबा. अंगण झाडतो तसं डावीकडून उजवीकडे फिरवा. दोन-तीन मीटरवर उभं राहायचं आणि दरवाजा कायम आपल्या पाठीशी ठेवायचा. सहा किलोचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत संपतो. लोकांना वाटतं तो पाच मिनिटं चालतो. तेवढ्यात आग विझली नाही तर सिलिंडर तिथेच टाकून बाहेर पडायचं. कार्बन डायऑक्साइडचा असेल तर त्याचा काळा भोंगा हाताने धरू नये, थंडीने कातडी जळते. आणि त्याला दाब दाखवणारा काटा नसतो, तो भरलेला आहे की नाही हे वजनावरूनच कळतं.

तुमच्या धंद्यातली एक गोष्ट मुद्दाम लिहितो. कापडाच्या गठ्ठ्यावर सिलिंडरची पावडर मारली की वरची ज्वाळा बसते, सगळे टाळ्या वाजवतात, आणि आत निखारा धुमसत राहतो. तासाभराने तो पुन्हा पेट घेतो. गठ्ठा बाहेर ओढून, फोडून, पाण्याने पूर्ण भिजवायला लागतो. अर्थात आधी मेन स्विच बंद करून. तुमच्या त्या पोराला शाबासकी द्या, त्याने नेमकं पहिलं काम पहिलं केलं.

पण हे सगळं नंतरचं. तुमच्याकडे वर पंचेचाळीस बायका आणि खाली कापडाचं गोदाम आहे. गोदाम पेटलं तर जिना धुराड्यासारखा धूर वर खेचतो. माणूस जळायच्या आधी धुराने पडतो. तेव्हा अर्ध्याहून जास्त वेळ बाहेर पडण्याच्या सरावाला द्या. धुरात वाकून, गरज पडली तर रांगत जायचं, कारण जमिनीलगतची हवा त्यातल्या त्यात बरी असते. बंद दार उघडण्यापूर्वी हाताच्या मागच्या बाजूने चाचपायचं, गरम असेल तर दुसरी वाट. साडी-ओढणी पेटली तर पळायचं नाही, जागीच झोपून लोळायचं. पॉलिस्टर वितळून अंगाला चिकटतं, ते ओढून काढायचं नाही, भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं वाहतं पाणी, टूथपेस्ट-हळद काही लावायचं नाही.

१०१ वर फोन कसा करायचा हेही करून घ्या, प्रत्येकीकडून. घाबरलेला माणूस "आग लागली, लवकर या" म्हणतो आणि फोन ठेवतो. पत्ता, जवळची खूण, काय पेटलंय, आत कोणी अडकलंय का, हे सगळं सांगून समोरच्याने ठेवल्यावरच आपण ठेवायचा.

शटरबद्दल वेगळं लिहितो, कारण तिथे माझं मन अडकलंय. शटर हा सुटकेचा दरवाजा नव्हेच, कुलूप असो वा नसो. गर्दीने आतून रेटलं तर ते वर जात नाही. बाहेरच्या बाजूला उघडणारा, आतून साध्या कडीचा दरवाजा बसवून घ्या. चोरीची भीती असेल तर दाराला बेल लावा, कुलूप नको.

कागदपत्रं_बघणारा

मालकांशी बोलताना कायदाही हाताशी असू द्या. कारखाने अधिनियम १९४८, कलम ३८. हा कायदा नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता, आता त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली आहे. सगळ्या कामगारांना सुटकेचे मार्ग माहीत हवेत आणि आगीच्या वेळी काय करायचं याचं पुरेसं प्रशिक्षण हवं, असं त्या कलमात स्पष्ट होतं. शब्द "सगळ्या" होता, दोन-चार निवडक माणसं नव्हे. दुसरं, २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक अधिनियमाखाली दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी द्यावा लागतो. तो यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला आहे, माणसं तयार असल्याचा नाही. पुष्कळ मालक फॉर्म बी दाखवून "आमचं झालं" म्हणतात. तुम्ही दोन्ही वेगळं मागा.

उद्योजक_इचलकरंजी

मालकांची बाजूही मांडतो. सीझनमध्ये अर्धा दिवस बंद म्हणजे शाळा उघडायच्या आत माल पोचत नाही, पीस रेटवाल्यांची, म्हणजे नगावर पैसे मिळणाऱ्यांची, मजुरीही बुडते. मोबाइलवर व्हिडिओ पाठवून काम भागणार नाही का? आम्ही तेच केलं.

लीडिंग_फायरमन_निवृत्त

साहेब, तुमची अडचण खरी आहे. पण व्हिडिओ पाहून हाताला सवय होत नाही, पोहणं जसं पाहून येत नाही तसंच. अर्धा दिवस एकदम नकोच. पंधरा-पंधरा जणांच्या चार तुकड्या करा, एकेका तुकडीला सव्वा तास, बाकी मशीनं चालू. सगळ्यांनी मिळून बाहेर पडायचा सराव जेवणाच्या सुट्टीला जोडून घ्या. आणि त्या सव्वा तासाची मजुरी पीस रेटवाल्यांना द्या, नाहीतर त्या येणार नाहीत आणि त्यांना दोषही देता येणार नाही.

नाशिकची_सिस्टर

मी तीस खाटांच्या हॉस्पिटलात आहे. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागून दहा बाळं गेली, तेव्हा मीही रात्रपाळीलाच होते. बातमी वाचून हात थरथरत होते. त्यानंतर आमच्याकडे ऑडिट झालं, प्रशिक्षण झालं, पण दिवसपाळीचं. रात्रीच्या तिघींना कोणी विचारलंच नाही. मी मॅडमशी भांडून रात्री दहाला सराव लावून घेतला. आग दिवसाची वेळ बघून येत नाही. ताई, तुमच्याकडे रात्री वॉचमन किंवा कोणी झोपायला असेल तर त्यांना वगळू नका. सोलापूरची ती आगही पहाटेचीच होती.

लीड्सकर

इकडे इंग्लंडमध्ये गोदामात काम करते. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी आगीची घंटा वाजवून बघतात. त्यामुळे तो आवाज नव्या माणसालाही पाठ होतो. तुमच्या मशीनच्या घरघरीत घंटा सगळीकडे ऐकू येते का, ते आधी तपासा.

शिलाईघर_सोलापूर

मंडळी, सहा आठवड्यांनी परत आले. तुमचे सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमची पोस्ट छापून मालकांच्या टेबलावर ठेवली होती. त्यांनी संध्याकाळी बोलावून घेतलं आणि म्हणाले, "तारीख घे."

अग्निशमन दलाला अर्ज दिला, दोन जवान आले. चार तुकड्या केल्या, मजुरी धरली. तेलुगूसाठी बाहेरचा माणूस शोधलाच नाही. आमच्या पूर्व भागातल्या सगळ्यात जुन्या मशीनवाल्या अक्कांना जवानांसोबत आदल्या दिवशी बसवलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या शब्दांत सांगितलं आणि बायकांनी प्रश्नही त्यांनाच विचारले. जवानांना "साहेब, समजलं" म्हणणाऱ्या बायका अक्कांना मात्र "हे परत सांग" म्हणत होत्या. पिन ओढायला वाटते त्यापेक्षा जोर लागतो, आधी ते प्लॅस्टिकचं सील तुटावं लागतं, हे मलाही त्या दिवशीच कळलं. ज्या मुलीचं त्या वेळी जमलं नव्हतं तिने तीनदा केलं. शेवटच्या वेळी ती ट्रेसमोर एवढी शांत उभी होती की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

आता बाहेर पडण्याचा सराव. घंटा वाजली आणि पहिल्या वेळी सगळे खाली यायला सहा मिनिटं चाळीस सेकंद लागली. मला वाटलं होतं जिना अरुंद आहे म्हणून. कारण भलतंच निघालं. वर मशीनवर बसताना सगळ्या चपला जिन्याच्या तोंडाशी काढतात, डब्यांच्या पिशव्याही तिथेच. पंचेचाळीस जणी त्या ढिगात आपापली जोडी शोधत वाकल्या आणि मागच्या अडकल्या. दुसऱ्या दिवशी चपलांचा रॅक आणि पिशव्यांचे खिळे आतल्या भिंतीला नेले, आणि आगीत अनवाणीच पळायचं हे सगळ्यांकडून तीनदा म्हणवून घेतलं. पुढच्या सरावाला दोन मिनिटं पन्नास सेकंद.

दुसरी गोष्ट मोजणीची. आवारात हजेरीपट घेऊन उभी राहिले, नावं वाचली, अठ्ठावन्न भरले. हुश्श म्हणणार तेवढ्यात जवानाने विचारलं, "आत अजून कोणी?" धागे कापणाऱ्या तीन बायका गोदामामागच्या खोलीत बसल्या होत्या. त्या पीस रेटवर येतात, हजेरीपटावर त्यांचं नावच नाही. घंटा तिथे ऐकूच गेली नव्हती. लीड्सच्या ताईंनी बरोबर तेच लिहिलं होतं. आता त्या खोलीत वेगळी घंटा बसवली आहे आणि दारावर एक वही टांगली आहे. आत येणारा प्रत्येक माणूस त्यात नाव लिहितो, पाणीवाला आला तरी. सिस्टर, वॉचमनदादांचाही सराव रात्री नऊला वेगळा घेतला.

लीडिंग_फायरमन_निवृत्त

फार छान केलंत. एकच विचारतो. तुम्ही रजेवर असलात तर ती वही घेऊन बाहेर कोण येणार?

शिलाईघर_सोलापूर

अक्का. आणि अक्का नसतील तर कटिंगचा तो पोरगा. पुढचा सराव मी मुद्दाम सुट्टीवर असताना ठेवलाय, तारीख फक्त मालकांना माहीत आहे. मागचा दरवाजाही झाला. फॅब्रिकेटरने बाहेर उघडणारा लोखंडी बसवला, आतून फक्त कडी.

लीडिंग_फायरमन_निवृत्त

दरवाज्यासमोर जमिनीवर पिवळा पट्टा मारून घ्या, दोन्ही बाजूंनी. सीझन आला की पहिला गठ्ठा तिथेच येऊन पडतो.

शिलाईघर_सोलापूर

आजच मारला, आतून आणि बाहेरूनही. उद्या सुकला की फोटो टाकते.